गोल्फच्या काठ्यांना ब्रश आहे ना!

दुकानाच्या दारात आधी एक लांबलचक पिशवी शिरली, मग ती आडवी झाली, मग दारातला प्लास्टिकच्या बादल्यांचा मनोरा कोसळला, आणि सगळ्यात शेवटी, घरंगळणाऱ्या बादल्यांच्या मागोमाग, एक घामाघूम तरुण माणूस आत आला.

“गोल्फच्या काठ्या साफ करायला काही मिळेल का?” एक बादली उचलून छातीशी धरत त्याने विचारलं.

“आहे ना!” गल्ल्यामागून दुकानदार काकांचं उत्तर आलं.

गोल्फची काठी काकांनी जन्मात हातात धरली नव्हती. पण त्यांचं सगळं असंच होतं. उत्तर आधी तोंडातून निघायचं, वस्तू मागाहून शोधली जायची. म्हणून तर अख्खी वस्ती त्यांना ‘आहेनाकाका’ म्हणायची. खिळे, बिजागऱ्या, कुलपं, रंग, दोर आणि नळाच्या तोट्यांचं हे दुकान त्यांच्या वडिलांनी सुरू केलं, आणि जाताना मुलाच्या हाती किल्ल्यांबरोबर एकच शिकवण ठेवली, “गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणायचं नाही.” काकांनी हा शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला. रोज सकाळी शटर वर गेलं की आधी देवाला हात जोडायचे, मग वडिलांच्या फोटोला, आणि मग कुणी काहीही मागो, उत्तर एकच. एकदा एकाने थट्टेत हत्ती बांधायची साखळी मागितली, तर काकांनी शांतपणे विचारलं होतं, “केवढा हत्ती?”

गल्ल्याशेजारच्या उंच स्टुलावर काकू स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया न थांबवता म्हटलं, “आहे म्हणालात खरं. कुठं आहे तेवढं सांगा, म्हणजे मी पण बघते.”

“तू गप गं. आधी रोगी बघू, मग औषध.”

रोगी बघितला आणि काकांचाही चेहरा उतरला. पिशवीत चौदा काठ्या होत्या. त्यांतल्या लोखंडी डोक्यांवर बारीक आडव्या खाचा असाव्यात असा नुसता अंदाज करता येत होता, कारण प्रत्येक खाचेत चिखल वाळून सिमेंटसारखा बसला होता. वरून गंजाचे ठिपके.

“जमिनीत पुरल्या होत्या का हो?” काकूंनी विचारलं.

तरुण मटकन खुर्चीत बसला. “सासऱ्यांच्या आहेत.”

एवढ्या एका वाक्यात काका-काकूंना निम्मी गोष्ट कळली. उरलेली त्याने सांगितली. सासरे निवृत्त न्यायाधीश. घरातही कुणी नुसतं “भूक लागली” म्हटलं तर पुरावा मागतील असे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी ते मुलीला फोनवर विचारत, “ते गृहस्थ कसे आहेत?” जावयाला नाव नाही, नातं नाही, नुसते ‘ते गृहस्थ’. आणि असा माणूस तीन महिन्यांपूर्वी आपणहून म्हणाला, “हा सेट घेऊन जा. शिका.” सासऱ्यांनी हाताने दिलेली पहिली वस्तू! जावई एकदाच खेळायला गेला, चिखलात घसरून पडला, काठ्या तशाच पिशवीत कोंबल्या आणि पिशवी गाडीच्या डिकीत. आज सकाळी फोन आला, “पाच वाजता येतो. सेट तयार ठेवा. उद्या खेळायचं आहे.”

“पिशवी उघडली आणि तशीच परत बंद केली,” जावई म्हणाला. “काका, हे असं त्यांनी बघितलं ना, तर मी जन्मभर गृहस्थच राहणार.”

काकांना गलबलून आलं. “काही काळजी करू नका जावईबापू. देवाने तुम्हाला योग्य दुकानात आणलंय. पाचच्या आत आरसा करून देतो, आरसा!”

मग निवड सुरू झाली. काकांनी काउंटरवर घरातल्या लग्नासारखा थाट मांडला. काथ्याचा ब्रश, बाटली धुवायचा ब्रश, बूट पुसायचा ब्रश, भिंतीचे पोपडे काढायची पत्री, स्टोव्हची पिन. काथ्याच्या ब्रशाने धूळ उडाली आणि तिघेही शिंकले. बाटलीचा ब्रश काठीच्या डोक्याभोवती लाडात आल्यासारखा वाकला. स्टोव्हच्या पिनेने पहिली खाच निम्मी मोकळी झाली आणि काकांच्या बोटातून रक्त आलं.

“निम्म्या खाचेला दहा मिनिटं,” काकूंनी टाके मोजता मोजता हिशेब केला. “पाच वाजतील खरे, पण कुठल्या वर्षातले?”

काका चिडले. माळ्यावर चढून त्यांनी तारेचा ब्रश काढला. “हा घे! वडिलांच्या वेळेपासूनचा हुकमी माल.”

तारेचा ब्रश चालला आणि चिखल भराभर उडाला. तीन काठ्या झाल्या. जावयाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग त्याने ओल्या फडक्याने काठी पुसली आणि हसू तिथंच वाळलं. चकचकीत लोखंडावर मांजराने नखं मारावीत तसे ओरखडे उमटले होते.

“काका!”

“कुठं काय? उजेड वाईट आहे,” काका म्हणाले आणि त्यांनी काठी उजेडापासून दूर सरकवली.

काकूंनी ब्रश न लागलेल्या एका काठीवरचा चिखल नखाने खरवडला. “अहो, ओरखडे तर हिलाही आहेत. हिला कुठं लावलात ब्रश?”

पण घाबरलेल्या पुरुषांना तेवढ्यापुरतं ऐकू येत नाही. काका पॉलिशचा डबा उघडत होते.

“ओरखड्यांवर पितळेचं पॉलिश. आहे ना!”

पॉलिश चोळल्यावर ओरखडे दिसेनासे झाले, हे खरं. खाचाही दिसेनाशा झाल्या. पांढरं पॉलिश खाचांमध्ये जाऊन असं बसलं, की आधी काळं सिमेंट होतं, आता पांढरं झालं. दोघांनी मोठ्या उमेदीने चौदाच्या चौदा काठ्या चोळल्या होत्या, म्हणून आता चौदाही पांढऱ्या.

“दाढी केल्यासारख्या दिसतायत,” काकू म्हणाल्या.

“करायच्या आधी फेस लावलेल्या,” जावई रडवेला होऊन म्हणाला.

“गरम पाणी!” काकांनी हार मानली नव्हती. “पॉलिश गरम पाण्यात सुटतं. उकळतं टाका.” दोन बादल्यांत उकळतं पाणी ओतलं गेलं, काठ्या डोकं खाली करून त्यात उभ्या राहिल्या, आणि तोवर चहा घ्यावा असं ठरलं. चहा झाला. जावयाने दुसराही कप घेतला, कारण काकूंनी त्याला सकाळपासून काही खाल्लंस का असं विचारलं होतं आणि आज दिवसभरात त्याच्या पोटाची विचारपूस करणाऱ्या त्या पहिल्याच होत्या.

साडेतीनला काकांनी सात नंबरची काठी उचलली. काठी आली. डोकं बादलीतच राहिलं.

तिघांनीही वाकून बादलीत पाहिलं. जुना गोंद उकळत्या पाण्याने सुटला होता. जावयाने भिंतीला हात टेकला. काकूंनी पहिल्यांदाच सुया खाली ठेवल्या.

“आता तरी म्हणा,” त्या हलकेच म्हणाल्या. “नाही जमत आपल्याला, म्हणून मोकळे व्हा.”

काकांनी वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. ओठ हलले, पण तो शब्द काही बाहेर आला नाही. “एका थेंबात चिकटवणारा गोंद,” ते म्हणाले. “आहे ना.”

काठीला थेंब लागला. घाईत एकाचे चार झाले. काकांनी डोकं बसवलं, अंगठ्याने गच्च दाबलं आणि देवाचं नाव घेत शंभरपर्यंत आकडे मोजले. मग त्यांनी अंगठा काढायचा प्रयत्न केला. अंगठा आला नाही. आणि त्याच क्षणी जावई क्षीण आवाजात म्हणाला, “काका, बाकीच्यांची तोंडं उजवीकडे आहेत. हिचं डावीकडे झालंय.”

“उलटं बसलं?”

“उलटं बसलं.”

“ओढ!”

जावयाने काठी ओढली, तसे काकाही काठीबरोबर काउंटरच्या बाहेर आले. दोघे अशा अवस्थेत दुकानाच्या मधोमध असताना दारात सावली पडली. पांढऱ्या केसांचे, ताठ कण्याचे एक गृहस्थ एका बादलीला वळसा घालून आत आले.

“मुलगी म्हणाली, तुम्ही इथे आहात.”

“बाबा!” जावई ओरडला आणि दोन्ही बादल्यांसमोर हात पसरून उभा राहिला. काकांनी काठीसकट हात पाठीमागे नेला. काठी त्यांच्या डोक्यावरून दीड हात वर दिसत होती.

न्यायाधीशांनी जमिनीवरचा चिखल पाहिला, पांढरं पॉलिश पाहिलं, तारेचा ब्रश पाहिला. ब्रशावर त्यांची नजर थोडी जास्तच रेंगाळली.

“हात पुढे करा,” ते काकांना म्हणाले.

काकांनी मुकाट्याने हात पुढे केला. हातात उलट्या डोक्याची सात नंबरची काठी होती आणि ती सोडायची इच्छा असूनही सोडता येत नव्हती.

“साहेब, चूक माझी,” काका म्हणाले. “या पोराचा काही दोष नाही. ओरखडे मी पाडले. डोकंही मीच उलटं बसवलं.”

“नाही बाबा, काठ्या मीच खराब केल्या,” जावई म्हणाला. “हे बिचारे सकाळपासून माझ्यासाठी राबतायत.”

न्यायाधीशांनी खिशातून चष्मा काढला, एक काठी उचलली, फडक्याने पुसली आणि ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

“हे ओरखडे अडतीस वर्षांपूर्वीचे आहेत,” ते म्हणाले. “माझे आहेत.”

“मी म्हटलं होतं,” काकू पुटपुटल्या.

“हा सेट माझ्या सासऱ्यांचा. त्यांनी मला वापरायला दिला आणि मी चिखलात घातला. घाबरून याच दुकानात आलो. तिथे,” त्यांनी गल्ल्याकडे बोट दाखवलं, “तुमचे वडील बसले होते. मी विचारलं, गोल्फच्या काठ्यांचा ब्रश आहे का? ते म्हणाले, आहे ना! आणि मला तारेचा ब्रश दिला. मी त्यानेच घासल्या.”

काकांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, वडिलांचा फोटो भिंतीला तोंड करून लावावा.

“पुढचं ऐका,” न्यायाधीश म्हणाले. “संध्याकाळी दुकान बंद करून तुमचे वडील शोधत शोधत माझ्या घरी आले. दारातच हात जोडले. म्हणाले, ‘साहेब, गोल्फची वस्तू माझ्याकडे नाही. नव्हतीच. जिभेला सवय लागलीय, दुपारपासून घास उतरत नाही.’ मग कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण मागून घेतला, पायरीवर बसले आणि चौदाही काठ्या एकेक करून स्वतः धुतल्या. मी शेजारी बसून पुसत होतो. माझे सासरे आले, त्यांनी ते बघितलं, आणि तेही बाही सारून बसले. त्याआधी ते माझ्याशी धड बोलत नसत.” त्यांनी चष्मा पुसला. “खोटं कबूल करायला आपणहून चालत आलेला माणूस माझ्या सगळ्या नोकरीत मला पुन्हा भेटला नाही. तुमच्या वडिलांचे आभार मानायचे राहूनच गेले.”

काकांचे डोळे भरून आले. ते पुसायला त्यांनी उजवा हात उचलला आणि काठीने वरचा दिवा थोडक्यात वाचला.

“म्हणजे वडील ‘नाही’ म्हणाले होते?” त्यांनी विचारलं.

“स्वच्छ शब्दांत. आणि धुवायला खिशातून आणलेला ब्रशही माझ्याकडेच ठेवून गेले.” न्यायाधीश जावयाकडे वळले. “बाजूचा कप्पा उघडलात का?”

बाजूचा कप्पा! सकाळपासून कुणाला सुचलंच नव्हतं. जावयाने चेन ओढली. आत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला एक जुना टूथब्रश होता. हिरवा दांडा, दांड्याला ओळखीसाठी बांधलेला लाल दोरा.

काका बघतच राहिले. “अहो, हा तर वडिलांचा! याच्यासाठी मी आईचा मार खाल्ला होता! आख्खं घर शोधलं, शेवटी मीच हरवला असं ठरलं. आणि वडील आठवडाभर बोटाने दात घासत होते, पण तोंडातून एक अक्षर नाही!”

न्यायाधीश हसले. जावयाने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून त्याला आधी वाटलं ठसका लागला.

“अरे, उभा काय राहिलास?” ते जावयाला म्हणाले. “कोमट पाणी आण. उद्या सकाळी आपल्याला दोघांना खेळायचंय. मी एकट्यासाठी मागितला होता का सेट?”

‘गृहस्थां’चा ‘अरे’ झाला! जावई पाणी आणायला असा धावला, की उरलेल्या बादल्याही पाडून गेला.

मग काकूंनी भांड्यांचा साबण दिला, न्यायाधीशांनी बाह्या सारल्या, आणि तिघे पुरुष एका बादलीभोवती बसले. पॉलिश, चिखल, सगळं त्या म्हाताऱ्या ब्रशाने मुकाट्याने निघालं. काकांचा अंगठाही साबणाच्या कोमट पाण्यात अर्ध्या तासाने सुटला. सात नंबरचं उलटं डोकं मात्र सुटेना.

“राहू दे,” न्यायाधीश म्हणाले. “माझा चेंडू नेहमी डावीकडे जातो. आता बघू बिचारा काय करतो.”

निघताना त्यांनी ब्रश काकांपुढे धरला. काकांनी तो कपाळाला लावला आणि परत पिवळ्या फडक्यात गुंडाळून कप्प्यात ठेवला. “तिथंच राहू दे साहेब. पुढं यांचाही जावई येईल.”

गाडी गेली. काका गल्ल्यामागे येऊन बसले. तेवढ्यात वीस वर्षांपासूनच्या नेमाच्या गिऱ्हाईक शिंपीणबाई आत आल्या.

“काका, पोपटाच्या पिंजऱ्यात टांगायचा झोका आहे का हो?”

“आ...” काकांचं तोंड उघडलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं. वडील आज जरा हसल्यासारखे वाटले. “नाही,” काका म्हणाले. मग त्यांना तो शब्द आवडला, म्हणून पुन्हा म्हणाले, “नाही हो बाई. नाही आमच्याकडे.”

काकूंच्या सुईवरचे चार टाके सुटले. शिंपीणबाई घाबरून पुढे आल्या, त्यांनी काउंटरवरून वाकून काकांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, “काका, तब्येत बरी आहे ना?”

“आहे ना!” काका म्हणाले.