अण्णांची कपात

अण्णाप्पा चौगुले महिन्याचे शेवटचे तीन दिवस नसत, कारण त्यांच्या जगण्यावरचा कर मुळातच कापला जाई.

यात चमत्कारिक असं काही नव्हतं. मळणगावात निर्वाह कर पूर्वीपासून होता. जो स्वतःच्या खर्चानं जगतो त्याला कर नाही. जो दुसऱ्याच्या खर्चानं जगतो त्याच्या जगण्याचा दहावा हिस्सा सरकारजमा होतो, आणि तो पैशांत न घेता दिवसांत घेतात, म्हणजे बुडवाबुडवी होत नाही. आईबाप, मुलंबाळं, नवराबायको, सासूसासरे यांना पोसलं तर सूट आहे. त्यामुळे बहुतेक घरांचा या कराशी संबंधच येत नसे. ज्यांचा येई त्यांच्याकडे लोक महिनाअखेरीला सहसा पाहुणे म्हणून जात नसत, इतकंच.

शालनचा संबंध आला तो घटस्फोटानंतर. ती दूध संघात दुधाचं फॅट तपासायच्या कामाला होती. तिचा नवरा भरत सुरतेला गेला, तिथं त्यानं दुसरं घर केलं आणि कोर्टातून रीतसर मोकळा झाला. जाताना त्यानं टीव्ही नेला. वडील नेले नाहीत. अण्णा एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण फ्लेक्स आल्यापासून ब्रश वाळून गेले होते आणि हातही कापत होता. त्यांना ठेवून घ्यायचं का, असं शालनला कुणी विचारलं नाही आणि तिनंही स्वतःला विचारलं नाही. खाट होती तिथंच राहिली.

निकाल लागला त्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी ती खाट रिकामी दिसली. शालननं नदीचा घाट पाहिला, स्टँड पाहिला, बस्तीच्या देवळात जाऊन विचारलं. शेवटी शेजारच्या मालूताई म्हणाल्या, "अगं, कापलं असणार. आमच्या आत्याच्या जावेला असंच कापायचे. एक तारखेला येतील बघ."

एक तारखेला सकाळी अण्णा खाटेवर होते. सत्तावीसला झोपताना ते म्हणत होते, "शालन, त्या नळाचा वायसर," आणि तेवढ्यात त्यांचा डोळा लागला होता. आता ते म्हणाले, "बदलाय पायजे."

"कुठं होता तीन दिवस?"

अण्णांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "कुठंच न्हाई. तिथं काय न्हवतंच बघ. मी बी न्हवतो."

मग दोघांनी चहा घेतला.

तेव्हापासून त्यांच्या घरात एक रीतच पडली. सत्तावीसच्या संध्याकाळी अण्णा एक वाक्य सुरू करत आणि मध्येच सोडून देत. पुढचं राहिलं असलं की माणसाला परत यावं लागतं, असा त्यांचा हिशोब होता. शालन हसायची, पण ते वाक्य पूर्ण होऊ देत नसे. चुकून पूर्ण होतंय असं दिसलं तर ती उठून भांडी आपटायला लागायची.

पावसाळ्यानंतर अण्णांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासून शालनला बाहेर बोलावलं. हृदय दमलंय, म्हणाले, वर्ष काढलं तरी पुष्कळ, आणि मीठ, गूळ-साखर बंद. शालन दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. तिला रडू येण्याआधी राग आला. एवढंसं उरलेलं, त्यातलंही सरकार दर महिन्याला कापून नेणार. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती निर्वाह कचेरीत गेली.

तिथले अधिकारी हळदीकर हे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"हे तुमचे कोण?"

"सासरे."

"होते."

"आहेत की. घरी बसलेत."

"बाई, घटस्फोटानं सासरा संपतो. माणूस उरतो. जो उरतो त्याच्यावर कर आहे."

शालननं विचारलं, "मी त्यांचा खर्च करायचा थांबवला तर?"

"तर कपात लगेच थांबेल. उपाशी माणूस करमुक्तच असतो." हळदीकरांनी हे दुःखानं सांगितलं. त्यांना हा नियम आवडत नसावा. "एक तरतूद आहे. प्रत्यक्षात नातं असल्याचं आढळलं तर सूट मिळते. मी स्वतः घरी येऊन पाहतो."

"काय पाहता?"

"ते लिहिलेलं नाही. पाहिल्यावर समजतं."

रविवारी हळदीकर येणार म्हणून दोघांनी दोन दिवस तयारी केली. शालननं खाटेवर नवी चादर घातली. मालूताईंकडून सोनेरी काठाच्या कपबशा आणल्या. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि एरवी आडवे पडून राहणारे ते ताठ बसले. साहेब आल्यावर शालन म्हणाली, "अण्णा, आपण चहा घेणार ना?" अण्णा म्हणाले, "घेतो. आपणही घ्यावा, शालनताई." सगळा वेळ हे असंच चाललं. हळदीकरांनी चहा घेतला, आभार मानले आणि गेले. शालनला वाटलं, झालं काम.

आठवड्यानं निर्णय आला. अर्जदार आणि पोसली जाणारी व्यक्ती यांच्यात आदर आढळला. नातं आढळलं नाही.

त्याही महिन्यात अण्णा कापले गेले. परत आल्यावर ते दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून होते. संध्याकाळी म्हणाले, "माझंच चुकलं. ताई म्हणाय नको होतं." शालननं फेरतपासणी मागितली. त्याची तारीख सांगत नाहीत, असं कचेरीतून कळलं.

हळदीकर पौषात एका संध्याकाळी न कळवता आले. दार उघडंच होतं. आत शालन हातात एक डबा घेऊन अण्णांच्या खाटेपुढं उभी होती. डब्यावर अण्णांच्या पूर्वीच्या वळणदार अक्षरात जिरे लिहिलेलं होतं आणि आत गुळाचा खडा होता.

"हे काय आहे?"

"जिरं."

"अण्णा, मला खुळी समजता? किती दिवस खाताय हे?"

"जिभेला चव न्हाई गं. तुझ्या आमटीत मीठ नसतंय, पोरी."

"मीठ डॉक्टरांनी बंद केलंय. मरायचंय का तुम्हाला?"

"मेलो तर तुझी कटकट जाईल."

"जाईल की. मग मी घरी येऊन कुणावर ओरडू? भिंतीवर?" तिनं डबा जमिनीवर ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. अण्णा खाटेवरून उतरले, डबा उचलून तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, "घे. आन सगळा घेऊ नको. चिमूटभर ऱ्हाऊ दे."

तेव्हा तिला दारात माणूस दिसला. "जरा थांबा हं," ती हळदीकरांना म्हणाली आणि डबा फडताळावर, अण्णांचा हात पोचणार नाही इतक्या उंच ठेवून आली. साहेबांना बसा म्हणायचं राहून गेलं. चहा तिनं अण्णांच्या कान तुटलेल्या कपात दिला, कारण हाताला तोच लागला. हळदीकरांनी तो उभ्यानंच प्यायला.

या वेळचा निर्णय एका ओळीचा होता: नातं आढळलं. कोणतं, तो रकाना रिकामा होता. पुढची कपात बंद आणि मागची परत, असा आदेश त्याखाली होता.

त्या महिन्याच्या अठ्ठावीसला सकाळी अण्णा खाटेवर होते. ते ओशाळल्यासारखे दिसले. "आज मी हाय," ते म्हणाले. "मग काय करू?"

"नारळ खवा," शालन म्हणाली.

त्यांनी नारळ खवला. दुसऱ्या दिवशी मालूताईंकडे जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ते म्हणाले, "आज आमटी बरी झालीया," आणि भिंतीला टेकले, ते टेकलेलेच राहिले. वाक्य पूर्ण झालेलं होतं. शालनला ते लगेच कळलं.

सुरतेहून भरत आला. घाटावर शालन पुढं झाली तेव्हा भरतचा चुलता म्हणाला, "तू आता कोण यांची? मागं हो." ती मागं झाली. भरतनं अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि रात्रीच्या गाडीनं तो परत गेला. शालनला एकच गोष्ट टोचत राहिली. कपात चालू असती तर त्या दिवशी अण्णा मरायला घरी नसते. न राहवून तिनं कचेरीत जाऊन हळदीकरांना तसं विचारलं.

"मरण एक तारखेपर्यंत थांबलं असतं, बाई," हळदीकर म्हणाले. "आपण दिवस घेतो. मरण घेत नाही." त्यांनी रजिस्टर उघडून पाहिलं. "तुमचा परतावा मंजूर आहे. थोडा उशीर होईल."

ती परताव्याचं विसरूनच गेली होती. चैत्र उजाडला, आणि एक दिवस सकाळी दुधाला उठली तर अण्णा खाटेवर बसलेले. आधीचं अर्धं वाक्य शिल्लक नव्हतं, त्यामुळे काय बोलावं ते त्यांना सुचेना. मग म्हणाले, "चहा टाक की."

दहा वाजता कचेरीचा शिपाई आला. "परतावा पोचला का? सही करा. सुस्थितीत मिळाला म्हणून."

"पण हे गेलेत हो."

"ते खातं वेगळं," शिपाई म्हणाला आणि बोट ठेवून सहीची जागा दाखवली. शालननं सही केली.

कापलेले सगळे दिवस एकगठ्ठा आले होते, एकूण महिनाभराला थोडे कमी. भरतला कळवायची गरज नव्हती, परतावा खर्च करणाऱ्यालाच मिळतो. मालूताई येऊन बसू लागल्या. अण्णांनी शालनच्या डब्यांवरची जुनी नावं पुसून नव्यानं रंगवली. हात आता कापत नव्हता. एकदा त्यांनी गूळ मागितला. आता डॉक्टरांचा काही संबंध उरला नव्हता, तरी शालन म्हणाली, "मिळणार नाही." अण्णा खूश झाले आणि दुपारभर तिच्याशी भांडले.

शेवटच्या संध्याकाळी तिनं आमटीत मीठ नीट घातलं आणि गुळाचा खडा ताटात वाढला. अण्णांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत डब्यात टाकला.

"व्याज असतंय म्हणं," ते म्हणाले. "उशिराच्या परताव्यावर."

"असतं. हळदीकर म्हणाले, कधी येतं ते सांगता येत नाही."

अण्णांनी मान हलवली. मग खाटेवर आडवे झाले, चादर ओढून घेतली आणि म्हणाले, "शालन, खरं सांगायचं तर तू माझी,"

शालन झटकन उठली आणि मोरीत जाऊन भांडी आपटायला लागली. बराच वेळ आपटत होती.

सकाळी खाट रिकामी होती. तिनं चादर झटकून घातली, कान तुटलेला कप विसळून पालथा ठेवला आणि जिऱ्याचा डबा खालच्या फळीवर, अण्णांचा हात पोचेल असा ठेवला. त्या वाक्यात पुढं काय होतं ते तिला माहीत होतं. पण तिनं ते मनातसुद्धा पूर्ण केलं नाही, आणि कामावर गेली.