वंदनाताईंचा सूचक प्रश्न

आमच्या शेजारच्या वंदनाताईंकडे गेलात तर चहा मिळेलच अशी हमी मी देत नाही. घरात दूध असतं, साखर असते, आलंसुद्धा असतं. पण "चहा घेणार ना?" हे शब्द काही त्या बाईच्या तोंडून निघत नाहीत. त्या समोर बसतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "काय घेणार?" तुम्ही आपले भिडेखातर म्हणता, "काहीही चालेल." झालं, अडकलात! "काहीही हे उत्तर होत नाही. प्रश्न माझा, उत्तर तुमचं. काय घेणार?" माझ्या सासूबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा घाबरून "काही नको" म्हणाल्या आणि तशाच कोरड्या परत आल्या. मी मात्र पहिल्याच दिवशी बेधडक सांगितलं, "कॉफी. चहा मी पीत नाही, पित्त होतं मला." ताई खूश झाल्या. इतकी स्वच्छ साक्ष त्यांना म्हणे कोर्टातही मिळत नाही.

वंदनाताई सरकारी वकील आहेत. भोपाळच्या जिल्हा न्यायालयात चोऱ्यामाऱ्या करणाऱ्यांविरुद्ध सरकारच्या बाजूनं उभ्या राहतात. माहेर ग्वाल्हेरचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. आम्ही नवऱ्याच्या बदलीमुळे अमरावतीहून इथे नेहरू नगरात आलो, तेव्हापासून आमची आणि त्यांची भिंत एक आहे.

तर कोर्टात एक नियम असतो. आपण बोलावलेल्या साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारायचा नाही. म्हणजे ज्याच्या पोटातच उत्तर आहे असा प्रश्न. "चोराचा शर्ट लाल होता ना?" असं म्हणायची सोय नाही. "काय घातलं होतं?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. बाकीचे वकील हा नियम काळ्या कोटाबरोबर खुंटीला टांगून घरी सुखानं जेवत असतील. वंदनाताईंच्या तो अंगात मुरलाय.

भाजीवाल्याला आपण विचारतो, "टमाटर ताजे हैं ना?" तो हो म्हणतो, आपण सडके घरी आणतो. ताई विचारतात, "भैया, ये टमाटर कब आए?" आणि बघत राहतात. तो इकडे बघतो, तिकडे बघतो. "फिर क्या हुआ?" ताई विचारतात. बिचारा कबूल करतो, "मैडम, परसों के हैं." आता तर त्यांची स्कूटर वळणावर दिसली की तो आपणहून जुना माल खाली ठेवतो. मी हल्ली त्यांच्या मागोमागच भाजीला जाते.

आमच्या ह्यांचा तर त्यांनी निकालच लावला. ताईंच्या दारातली जास्वंदीची कुंडी फुटली होती. ताई आल्या, शांतपणे बसल्या. "भाऊजी, सकाळी तुम्ही कुठे होता?" "गाडी काढत होतो." "मग काय झालं?" "मग... जरा मागे घेतली." "मग काय झालं?" ह्यांनी कुंडी कबूल केली. ताई तरी गप्पच. त्या शांततेला भिऊन ह्यांनी पुढचंही ओकून टाकलं, की मधुमेहाची गोळी चालू असताना रोज ऑफिसला जाताना कोपऱ्यावर पोहे-जलेबी हाणतात. मला नवी कुंडी भरून द्यावी लागली, पण अगदी आनंदानं दिली हो!

एकदा मी त्यांना कोर्टात पाहिलं. एका कागदावर शिक्का हवा होता म्हणून गेले आणि त्यांच्या खटल्यात जाऊन बसले. शाहपुऱ्याच्या तलावाजवळ एका म्हातारीची सोनसाखळी खेचली होती. म्हातारी साक्षीला उभी, आणि मागे आरोपीची चार माणसं हाताची घडी घालून तिच्याकडे बघत होती. तिची जीभच टाळूला चिकटली. "फिर क्या हुआ, अम्मा?" ताईंनी विचारलं. उत्तर नाही. न्यायाधीश घड्याळ बघायला लागले, समोरचा वकील हसायला लागला. ताई मात्र डगमगल्या नाहीत. फक्त दोन पावलं सरकल्या आणि म्हातारी आणि त्या चौघांच्या मधे उभ्या राहिल्या. आता म्हातारीला त्यांच्याशिवाय कोणी दिसत नव्हतं. "फिर क्या हुआ?" आणि म्हातारी बोलली. शेवटी मान वाकडी करून आरोपीकडे बोटही दाखवलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ताई, तुम्ही 'यही था ना?' म्हणाला असतात तर काम झटक्यात झालं असतं."

"मग तो शब्द तिचा नसता राहिला, शुभा. माझा झाला असता. माझ्या शब्दाची तिथे काय किंमत?"

कोर्टात ठीक आहे हो. पण पोटच्या पोरीशीसुद्धा?

ताईंना सई एकच. ताईंचे यजमान गेले तेव्हा ती कॉलेजात होती. आता पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या महिन्यात तिला दोन नोकऱ्या चालून आल्या, एक इथे भोपाळला, एक कॅनडात. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी तिचा मला फोन आला, आवाज रडवेला. "मावशी, आईला मी हवीये की नकोय? रोज विचारते, मी काय करू. तर म्हणते, तुझं काय म्हणणं आहे? मी काय साक्षीदार आहे का तिची?"

मी तडक भिंतीपलीकडे गेले. ताई कणीक मळत होत्या. मी सरळ तोफ डागली. "एकदा 'ये गं बाई' म्हणायला काय जातं तुमचं? रोज संध्याकाळी तिच्या खोलीतला दिवा लावून बसता, मला दिसत नाही का?"

ताईंचे हात थांबले. "मला सगळ्यांनी तसंच विचारलं गं. सायन्सच घेणार ना? मुलगा पसंत आहे ना? नोकरी सोडशील ना? मी आपली हो म्हणत गेली. माणूस देवासारखा मिळाला, त्यानंच वकिली करू दिली, ते नशीब. तेव्हाच ठरवलं, पोरीच्या तोंडात शब्द नाही घालायचा. ती माझ्यासाठी आली आणि उद्या पस्तावली तर?"

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. सईच. ताईंचे हात कणकेनं भरलेले, मीच स्पीकर लावला.

"आई, उद्या शेवटचा दिवस आहे."

"हो. तुझं काय म्हणणं आहे?"

"ते मी तुला विचारतेय."

"पगार कुठे जास्त आहे?"

"आई!"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टात त्या चौघांच्या समोर ताठ उभी राहिलेली बाई ओट्याला धरून उभी होती. मी काही बोलले नाही. त्यांच्याकडूनच शिकलेय, गप्प बसायचं.

"सई," ताईंचा आवाज फुटला, "तू... तू माझ्याजवळ येतेस ना?"

मग सई हळूच म्हणाली, "आई, हा सूचक प्रश्न झाला."

"झाला. घे हरकत घ्यायची तर."

"नाही घेत." ती हसत होती की रडत होती, देव जाणे. "मी भोपाळवाल्यांना सोमवारीच हो कळवलंय. तू विचारतेस का, एवढंच बघत होते गं."

फोन बंद झाला. ताईंनी कणकेच्याच हातानं डोळे पुसले, गालभर पीठ. मग वळून त्यांनी शेगडीवर आधण ठेवलं, आलं घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शुभा, चहा घेतेस ना?"

"घेते ना," मी म्हटलं.