धोंड्यातली बोट

दुपारचं जेवण आटोपलं आणि बद्रीनाथने बॅगेतून दोन गुळगुळीत पुस्तकं काढून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. एकावर पांढरीशुभ्र मोटारबोट होती. दुसऱ्यावरही तशीच, पण चांगली दांडगी.

"मामा, नीट बघून सांगा," तो म्हणाला. "यातली कोणती बरी? लहान का मोठी?"

भुजंगराव सुपारी कातरत होते. अडकित्ता उघडा तो उघडाच राहिला.

आता हाच प्रश्न मुंबईत कुणी कुणाला विचारला असता तर काही बिघडलं नसतं. पण हे बदनापूर होतं, नव्व्याण्णव सालचा उन्हाळा होता, अधिक महिना होता आणि विचारणारा जावई धोंड्याला आलेला होता. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात अनारसे, पुरणाचे धोंडे आणि कपडे सगळेच सासरे देतात. भुजंगरावांच्या घराण्यात त्यावर आणखी एक गोष्ट होती. जावयाच्या मनातली एक वस्तू द्यायची. सासऱ्यानं ती विचारायची नाही, जावयानं मागायची नाही; जावयानं नुसती सुचवायची आणि सासऱ्यानं ओळखायची. खुद्द भुजंगराव लग्नानंतर सासुरवाडीत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाव तास बघत उभे राहिले होते, आणि येताना ते घड्याळ मांडीवर घेऊन आले होते. मागच्या धोंड्यात थोरल्या जावयानं शेजाऱ्याची स्कूटर आपल्या रुमालानं पुसली. आठ दिवसांत जालन्याहून त्याला नवीकोरी स्कूटर आणून द्यावी लागली.

पण बोट! आणि तीही सुचवून नव्हे, फोटो पुढ्यात मांडून!

त्यात भुजंगरावांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलेला. धाकट्या लेकीच्या, नंदाच्या लग्नात भरल्या पंगतीत ते अख्ख्या भावकीसमोर बोलून बसले होते, "धाकल्या जवायाच्या मनातलं दिलं न्हाई, तर ह्या गावात तोंड दाखवनार न्हाई!" जिलबीच्या भरात बोलले, पण बोलले. आणि त्यांचा शब्द आजवर फिरलेला नव्हता.

"बघतो की," ते कसेबसे म्हणाले आणि उठून थेट स्वयंपाकघरात गेले.

तिथे गिरिजाबाई खरकटी भांडी राखेनं कोरडीच घासत होत्या. टँकर पाच दिवस आला नव्हता. आज येणार अशी हूल उठली होती, म्हणून नंदा सकाळपासून चौकात घागरींच्या रांगेत उभी होती.

"अगं, जवाईबापू बोट मागून राह्यले!"

गिरिजाबाईंच्या हातातलं ताट खणकन पडलं. "बोट? समुद्रात चालती ती?"

"तीच. वरतून इचारतेत, लहान का मोठी!"

"अगं बाई! आन् चालवायची कुठं? दुधना नदीत तर पोरं किरकेट खेळून राह्यले."

"ते मी कसं इचारू? जवायाला इचारायचं असतंय का?"

इतक्यात भुजंगरावांचा धाकटा भाऊ कडूबा मागच्या दारानं आला. तो सगळ्या संकटांत असाच मागच्या दारानं येत असे. ऐकून तो मटकन खाली बसला, पण लगेच सावरला. "दादा, घाबरायचं न्हाई. एखाद्या वेळेस स्वस्त बी असंल. पत्र्याची तर असनार. चल, गोडीगुलाबीनं भाव काढू."

दोघे भाऊ बाहेर येऊन जावयाच्या समोर बसले. बद्रीनाथ मूळचा आष्टीचा. मुंबईला कुठल्याशा कंपनीत आहे, एवढंच सासरी ठाऊक होतं. कंपनीत नेमकं काय करतो, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आज सासरे आणि चुलतसासरे दोघेही मांडी घालून पुस्तकं उलटायला लागलेले पाहून गड्याला भरून आलं. तो अगदी पोटतिडकीनं सांगू लागला.

"ही एकतीस फुटी. ही बेचाळीस फुटी. दोन्ही मासेमारीच्या, पण हौशी. खोल समुद्रात जायचं, या खुर्चीत बसायचं, पट्टा बांधायचा आणि गळ टाकायचा."

"ही तर न्हाव्याची खुर्ची दिसती," कडूबा म्हणाला. "आन् मासे किती क्विंटल घावतेत?"

"छे हो, एखादा. तोही पकडून परत सोडतात."

भुजंगरावांनी पान पुन्हा मागे उलटलं.

"सोडून द्यायचा?" भुजंगरावांच्या तोंडून गेलंच. "मंग धरायचा काहून?"

"हौस, मामा! हौसेला मोल नसतं."

"पर ह्या हौसेला आसंलच की काहीतरी," कडूबा हळूच म्हणाला.

"लहान साठ लाखांपर्यंत. मोठी पावणेदोन कोटी."

कडूबानं तोंडातली सुपारी गिळली आणि त्याला ठसका लागला. पाणी द्यावं तर घरात तांब्याभरच होतं, म्हणून त्याच्या पाठीवर नुसत्या थापा मारल्या. भुजंगरावांनी हिशेब मांडून पाहिला. आपली दोनशे झाडांची मोसंबीची बाग, वीस एकर रान, घर, दोन बैल आणि थोरल्या जावयाकडून परत मागून आणायची स्कूटर, हे सगळं मनातल्या मनात विकूनही बोटीचं नुसतं नाक हाती लागत होतं.

शेवटचा उपाय म्हणून कडूबानं डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मुनीरला बोलावून आणलं. वस्तूत खोट काढावी आणि जावयाचं मन वळवावं, असा डाव होता. मुनीरनं चष्मा लावून फोटो न्याहाळले आणि तो नको तेवढा खूश झाला.

"क्या बात है मामू! एकेकीला दोन-दोन इंजन! माशाल्ला!"

"मुनीर, खोट सांग, खोट!" कडूबानं त्याला कोपरानं ढोसलं.

"हां, हां. डीजल बहोत पीती. मोठी घंट्याला शंभर लिटर पियेगी. अपने गाव का सगळा डीजल एक दिन में खतम!"

"मग लहान बरी म्हणता?" बद्रीनाथ उत्सुकतेनं पुढे सरकला. "पण मोठीत झोपायला सहा जागा आहेत. स्वयंपाकघर आहे. शिवाय गोड्या पाण्याची टाकी, सहाशे लिटरची."

दाराआडून एकदम बांगड्या वाजल्या. "सहाशे लिटर? जवाईबापू, टाकी भरून देतेत का रिकामी?"

"भरूनच देतात, मामी."

"आवं, मंग मोठीच घ्या!" गिरिजाबाई पदर सावरत चक्क बाहेर आल्या. "दारात उभी करू. एवढं पानी पोळ्यापस्तोर पुरंल!"

"तू गप बस!" भुजंगराव ओरडले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण पाहुण्यांसमोर ते बायकोवर पहिल्यांदाच ओरडले.

ओट्यासमोर एव्हाना भावकीतली पाच-सात डोकी जमली होती. बोट घरासमोर मावेल का, तिला ओवाळायचं झालं तर शिडी लागेल का, याची चर्चा चालू होती. एकजण तर पावलं टाकून बेचाळीस फूट मोजायला लागला. भुजंगरावांनी ते पाहिलं आणि त्यांना कळून चुकलं की आता माघार नाही. ते उठले. त्यांनी टोपी नीट केली, पण आवाज काही नीट होईना.

"जवाईबापू," ते हात जोडून म्हणाले, "बाग विकतो. पोटच्या पोरावानी वाढवली, पर विकतो. मागाहून रान बी विकीन. शब्द दिला म्हंजे दिला. फक्त येवढी इनंती हाय, लहानीवर भागवा."

बद्रीनाथच्या हातातला अनारसा अर्ध्यावर थांबला. तो एकदा सासऱ्यांकडे, एकदा जमलेल्या मंडळींकडे बघू लागला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, कुणाला? मला? बोट?"

तेवढ्यात नंदा रिकाम्या घागरी घेऊन परतली. टँकर आलाच नव्हता. कडूबानं तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं, तशी ती घागरी टाकून पोट धरून हसत सुटली. "बाबा, अहो, हे बोटी विकतात! ती त्यांची कंपनीच हाय बोटीची! मुंबईचा एक शेठ कोणती घ्यावी म्हणून दोन्हीत अडकून बसलाय, आन् सोमवारी त्याला ह्यांनी सल्ला द्यायचाय."

"तुम्ही बैल पारखता ना, मामा," बद्रीनाथ रडकुंडीला येऊन म्हणाला. "जालन्याच्या बाजारात लोक तुम्हाला विचारून जोडी घेतात. म्हणून म्हटलं, तुमची नजर घ्यावी. मला कशाला बोट? मला पोहताही येत नाही!"

भुजंगराव धपकन खाली बसले. आधी ते हसले, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसले. कडूबानं मुनीरला मिठी मारली. गिरिजाबाईंना तेवढी टाकीची चुटपुट लागून राहिली. जमलेली माणसं जराशी हिरमुसली, पण निघून कुणी गेलं नाही.

बाग वाचली म्हटल्यावर भुजंगरावांची छाती पुन्हा पहिल्यासारखी फुगली. "बास! आता सुचवनं न्हाई आन् वळखनं न्हाई. जवाईबापू, सगळ्यांदेखत सरळ मागा. मनात असंल ते बिनधास्त मागा. भुजंगनं दिलंच म्हना!"

"राहू द्या, मामा. काही नको."

"न्हाई, मागाच. माझ्या गळ्याची आन हाय तुम्हाला!"

बद्रीनाथनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मग तो लाजत लाजत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "चार दिवस झाले, ओल्या फडक्यानं अंग पुसतोय. दोन बादल्या पाणी मिळालं तर... डोक्यावरून आंघोळ करावी म्हणतो."

गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. मुनीर चष्मा खिशात घालून "चलता हूं, मामू," म्हणत उठला. कडूबा मागच्या दारानं कधी गेला ते कळलंच नाही. भावकीची माणसं मात्र डोळे मोठे करून भुजंगरावांच्या तोंडाकडे बघत राहिली.

भुजंगरावांनी नंदानं टाकलेल्या रिकाम्या घागरींकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी हात लांब करून ती दोन्ही पुस्तकं पुन्हा पुढ्यात ओढली आणि घसा खाकरला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "ती लहानी बोट हप्त्यानं देतेत का हो?"