सुतळी बांधलेला डबा

देवमनभाऊंच्या हातचं सीताफळाचं सारण आमच्या गल्लीत सगळ्यांत गोड असे, आणि दर वर्षी त्यातलं निम्मं ते स्वतःच्या हातानं, शांतपणे, पूर्ण शुद्धीवर असताना बिघडवत असत.

बिघडवणं अगदी सोपं होतं. सीताफळाचा गर विस्तवावर चढला की कडू होतो. हे बुलढाण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देवमनभाऊंना तर चांगलंच ठाऊक होतं. तरी गल्लीला वाटायचं सारण एका पितळी डब्यात काढून झालं, की उरलेलं पातेलं ते चुलीवर ठेवत, खाली जाळ सारत आणि उलथन्यानं ढवळत बसत. मधूनच बोट लावून चाखत. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं, की समाधानानं म्हणत, "हां, आता जमलं." मग ते तसल्याच दुसऱ्या डब्यात भरून त्याच्या कडीला सुतळी बांधत.

मी साताऱ्याकडचा. महाराष्ट्र राज्य नवीनच झालं होतं आणि मास्तरकीच्या नोकरीनं मला थेट बुलढाण्याला आणून टाकलं होतं. देवमनभाऊंच्या घरातली पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. ते कचेरीतले निवृत्त कारकून. बायको वारलेली, एक मुलगी लग्न होऊन खामगावला. माझा विषय गणित, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कारण असतं असा माझा ठाम समज. तो समज या माणसानं दोन आठवड्यांत मोडीत काढला.

"चांगलं सारण कडू का करता?" मी विचारलं.

"आपला हिसाब वायला हाय, मास्तर."

वायला म्हणजे वेगळा, हे मला कमलताईंनी सांगितलं. त्या शेजारच्या. हिसाब काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. गल्लीत तर्क मात्र भरपूर. कोणी म्हणे, मधुमेहावर औषध असेल. कोणी म्हणे, उंदरांसाठी. सीताफळाच्या बिया वाटून लावल्या की उवा मरतात, तेव्हा त्यातलाच काही प्रकार असावा, असं कमलताईंचं मत. भाऊंच्या डोक्यावर उवेला उभं राहायलाही जागा नव्हती, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. "म्हनून तं म्हनते, औषध चांगलं हाय!" त्या म्हणाल्या. मी नाद सोडला.

सीताफळांचा हंगाम आला की त्या घरात माणसानं राहायचं कसं, हा प्रश्नच असे. डोंगरातल्या बाया टोपल्या घेऊन आल्या, की भाऊ एकेक फळ कानाशी नेऊन हलक्या हातानं दाबत. "हे झोपलं हाय अजून," म्हणून एक बाजूला, "हे जागं व्हाले आलं," म्हणून एक दुसऱ्या बाजूला. मग ती झोपलेली फळं घरभर निजवली जात. ज्वारीच्या पोत्यात, कपाटातल्या कोटाखाली, उलट्या ठेवलेल्या छत्रीत. एकदा शाळेत जायच्या घाईत मी बुटात पाय घातला आणि अंगठा थेट गरात गेला. मी ओरडलो. भाऊ धावत आले, माझ्या पायाकडे न बघता बुटाशी वाकले आणि म्हणाले, "अरे, हे तं पिकलं होतं!"

सारणाच्या दिवशी घरात पाऊल टाकणाऱ्याच्या हातात आधी परात येई. गर काढायचा, बिया वेगळ्या करायच्या, मगच चहा. त्या दिवसांत पोस्टमन आमची पत्रं कमलताईंच्या घरी टाकून जाई. खवा आणि साखर आधी वेगळी परतायची, वेलदोडा घालायचा, पातेलं पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच त्यात गर मिसळायचा. "कोमट असलं तरी चालत नाही," भाऊ सांगत आणि पातेल्याच्या बुडाला गाल लावून बघत. अक्षरशः गाल. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं.

बरं, सारण म्हटलं की ते कशात तरी भरायला हवं. करंजी करावी, तर तळणीत ते तापतं आणि कडू होतं. पोळीत भरावं, तर तव्यावर तीच गत. म्हणजे हे सारण कशातही भरता येत नसे. गार पुरीवर घालायचं, पुरी दुमडायची आणि खायची.

"मग याला सारण का म्हणायचं?" मी विचारलं.

"आई म्हने," भाऊ म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला.

त्या वर्षी भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू बराच उतरला होता. सुतळीसुद्धा चाचपून बांधली. कोजागरी झाल्यावरच्या रविवारी म्हणाले, "मास्तर, माह्यासंग गावाले चला. एकट्यानं एस.टी. चढाचा भरवसा नाही राह्यला." मी आनंदानं तयार झालो. म्हटलं, निदान ते कडू कोणाच्या पोटात जातं ते तरी दिसेल.

निघण्याआधी गल्लीच्या वाट्या घरोघर पोचवून झाल्या होत्या. चिखलीपर्यंत भाऊ डबा मांडीवर धरून बसले होते. चिखलीला गाडी बदलली आणि मी पुन्हा तेच विचारलं. या खेपेला त्यांनी उत्तर दिलं. गाव जवळ येत होतं म्हणून असेल.

"दादासाठी हाय. माह्या मोठ्या भावासाठी."

"भावाला कडू?"

"ऐका तं. आमच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. भांडण नाही, तंटा नाही. राह्यलं बांधावरचं सीताफळाचं झाड. आई त्याच झाडाचं सारण करे. दादा म्हने, तू घे. मी म्हनो, तू घे. तो आयके ना, मी आयको ना. शेवटी दादा म्हनला, 'घेत नसशीन तं बोलू नको माह्यासंग.' मी म्हनलं, 'नाही बोलत.'"

"आणि?"

"अन् काय? नाही बोललो."

एकमेकांना देण्यावरून झालेलं भांडण मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. दोघांतला शहाणा कोण, ते मला ठरवता येईना.

"आई गेली तशी वयनीनं एकदा निरोप धाडला, का आईसारखं सारण कोनाले येते का पाहा. मी केलं. मले काय माहीत, चुलीवर ठेवलं! कडूजहर झालं. तसंच नेलं. दादानं चमचाभर खाल्लं अन् म्हनला, 'कडू हाय.'" भाऊ माझ्याकडे वळले. "मास्तर, तो बोलला माह्यासंग! किती वर्षांनी बोलला! मंग पुढच्या साली मी पुन्हा गेलो, जमलं का ते दाखवाले. तो पुन्हा म्हनला, कडू हाय. तसं चालू हाय तवापासून."

"पण आता तुम्हाला छान जमतं. गोड न्या की! ते खूश होतील."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात पाढा चुकलो होतो.

"दादा खोटं बोलत नाही. सोताच्या पोरीले पाहाले पाहुणे आले, तं त्यायले म्हने, पोरगी चांगली हाय, पन रागीट हाय. पाहुणे चहा न घेता गेले. असा मानूस! गोड नेलं तं तो गोडच म्हनन. मंग झालं ना काम खलास. पुढच्या साली मी कोन्त्या तोंडानं जाऊ?"

हसावं की काय करावं, ते कळत नव्हतं. वर्षातून एकदा "कडू हाय" एवढं ऐकायला हा म्हातारा डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन दोन एस.टी. बदलत होता.

दादा ओसरीवर बाजेवर बसले होते. चेहरा हुबेहूब भाऊंचा, फक्त मिश्या जास्त. आम्हाला पाहताच त्यांनी तोंड गोठ्याकडे फिरवलं. भाऊंनी दारातल्या वहिनींना, "हे आमचे मास्तर," म्हणून सांगितलं.

"मास्तर, त्याले म्हना, पाय धू," ते गोठ्याला म्हणाले.

"मास्तर, त्यायले सांगा, धुतले," भाऊ हातभर अंतरावरून म्हणाले.

मी दोन्ही निरोप इमानानं पोचवले. गाडी वेळेवर मिळाली का, डोळ्याचं काय म्हणतात, पोरगी बरी आहे ना, सगळं माझ्यामार्फत. वहिनींनी पुऱ्या आणल्या आणि डब्याची सुतळी सोडली. पाहुणा म्हणून पहिली पुरी माझ्या हातात आली. तोंड वाकडं करायचं नाही, असं ठरवून मी घास घेतला.

घास गोड होता. खवा, वेलदोडा, गार गर, सगळं जिथल्या तिथं. भाऊंनी चाचपून सुतळी बांधली होती ती भलत्याच डब्याला!

भाऊ जोत्यावर मान खाली घालून बसले होते, आपल्या वर्षाच्या दोन शब्दांची वाट बघत. त्यांना खूण करावी, तर त्यांना दिसणार नाही. सांगावं, तर दादा ऐकणार. तोवर दादांनी घास घेतलासुद्धा.

ते चावायचे थांबले. पुरीकडे पाहिलं. दुसरा घास घेतला, तो फार हळू खाल्ला. वहिनींनी बोटाला लागलेलं चाखलं आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या. दादांचे डोळे भरून आलेले मला स्पष्ट दिसले. आईच्या हातची चव त्यांना किती वर्षांनी मिळत होती कोण जाणे. आता हा सत्यवादी म्हातारा खरं बोलणार आणि सगळं संपणार, या धास्तीनं मी पुरी तशीच हातात धरून बसलो.

दादांनी बाजेवरून तोंड वळवलं. सरळ भावाकडे.

"कडू हाय," ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "लय कडू हाय. पुढच्या साली नीट करजो."

आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला.

परतीच्या गाडीत भाऊंचा आनंद पोटात मावत नव्हता. "आयकलं ना मास्तर? औंदा किती बोलला! 'नीट करजो' म्हनला. मले म्हनला, सोता!" मी हो हो म्हणत होतो. सांगावं की नाही, काही सुचेना. हिशोब त्या दोघांचा, मी मध्ये कोण?

सांगायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलताई वाटी घेऊन दारात. "काहो भाऊ, सगळ्या गल्लीले औंदा कडू काऊन वाटलं? पोरं थुकून राह्यली!"

भाऊंनी वाटीत बोट घातलं, चाखलं. कपाटाशी जाऊन गल्लीचा डबा उघडला, त्यातलंही चाखलं. मग स्टुलावर बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही तठी खाल्लं होतं. कसं होतं?"

"गोड होतं, भाऊ. फारच गोड."

"दादानं खाल्लं तेच?"

"तेच."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिले. कमलताई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. आपण सारणाला नावं ठेवली म्हणून भाऊ रडताहेत असं त्यांना वाटलं असावं. भाऊंनी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि ते जहर चमच्यानं खायला लागले.

"अहो, कडू आहे ते!" मी म्हणालो.

"असू द्या." त्यांनी वाटी पुसून साफ केली आणि खाली ठेवली. "आता पुढच्या सालपासून बिघडवाचं काम नाही, मास्तर. दादाले खोटं बोलता येऊन राह्यलं."