वारा पिंजणारे दादामियाँ

आमच्या नळदुर्गातल्या गल्लीत एक माणूस रोज सकाळी लिंबाखाली उभा राहून वारा पिंजायचा. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. हातात कापूस पिंजायची धनुकली नाही, समोर कापूस नाही. दादामियाँ पिंजारी नाकानं श्वास घेत दोन्ही हात हळूहळू वर न्यायचे, आणि खाली आणताना ओठांचा चंबू करून लांबलचक "ठुंऽऽय" सोडायचे.

लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "ह्यांना काय झालंय हो?"

"दमा," सासूबाई म्हणाल्या, "आन् थोडं डोकं."

डोकं ठिकाणावर होतं. जन्मभर लोकांच्या गाद्या पिंजून कापसाची धूळ छातीत बसली होती. डॉक्टरनं सांगितलं, कापूस सोडा आणि गप बसा. कापूस त्यांनी सोडला, पण गप बसणं त्यांच्या बापजाद्यांनाही जमलं नव्हतं. मग ही तऱ्हा त्यांनीच काढली. "हाताला काम पायजे वैनी, आन् छातीला सबूर. घाई कुणाला हाय?"

रस्त्यानं जाताना दर ओट्याशी थांबून विचारायचे, "वैनी, कोरड्यास काय केलंय?" बाया म्हणायच्या, म्हातारा लई चौकस. मला पुढं कळलं, की पुढच्या ओट्यापर्यंतचा दम गोळा होईस्तोवर ही वांग्याची चौकशी चालायची. मग मी मुद्दाम फोडणीपासून सांगायला लागले.

निजामाचे शेवटचे दिवस, सगळीकडं संशय. निजामाच्या एका जवानानं त्यांना लिंबाखाली धरलं. "किसकू इशारा करता रे बुढ्ढे?" दादामियाँनी आधी हात सावकाश खाली आणले, श्वास पुरता सोडला, मग म्हणाले, "कापसाकू." जवान बराच वेळ कापूस शोधत होता.

त्याच साली जुबेदाचं लग्न ठरलं. दादामियाँची बिनआईची एकुलती पोर. त्यांच्या घरची रीत अशी, की लेकीची गादी बापानंच पिंजायची. दादामियाँनी माळ्यावरची धनुकली खाली काढली. मी भांडायलाच गेले. "चाचा, मरायचंय का तुमाला?"

"बाप जिता असताना दुसऱ्यानं पिंजलेल्या गादीवर पोर निजंल व्हय?"

जुबेदानं धनुकली धरून ठेवली. "अब्बा, तुमी ह्याला हात लावला तर मी निकाहाला बसणार न्हाय." बापलेकीचा अबोला सुरू झाला. एकाच तव्यावरची भाकरी दोघं पाठमोरे बसून खायचे.

शेवटी तोडगा तिनंच काढला. बायांनी गादी शिवायची, पिंजायची नाही, असा दंडक. तो तिनं मोडला. तोंडाला ओला रुमाल बांधून परसात कापसापुढं बसली, आणि बापाला लांब, वारा येतो त्या अंगाला, उभं केलं. "तुमी तिथून पिंजा. मी तुमच्या हातामागं हात चालविते."

दादामियाँ हात वर नेत, ती धनुकली उचली. त्यांचं "ठुंऽऽय" सुटे, की इकडं धनुकलीची तात वाजे. इतक्या धिम्यानं पिंजलेला कापूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पदर डोळ्यांना लावून बसले होते मी, काय सांगू!

निकाहानंतर नवरदेवाकडच्या एका बाईनं गादीवर हात फिरवला. "या अल्ला, काय मऊ हाय! कुणी पिंजली?"

दादामियाँचं तोंड उतरलं. खोटं बोलवेना, आणि खरं सांगावं तर बापाच्या हातची गादी लेकीला मिळालीच नाही, हे चारचौघांत कबूल करायचं. त्यांनी बोलायला श्वास घेतला. नवरीनं अशा वेळी तोंड उघडायचं नसतं, पण ओढणीआडून जुबेदा खणखणीत बोलली, "अब्बांनी."

दादामियाँ श्वास तसाच धरून उभे राहिले. मीच घाबरून ओरडले, "चाचा, सोडा!"

तेव्हा कुठं त्यांनी तो सोडला, आणि त्याच्याबरोबर हुंदका बाहेर आला.