दामले मास्तरांची तांदूळपरीक्षा

दामले मास्तर व्यापाऱ्याला त्याचाच तांदूळ खायला लावायचे. पोत्याच्या तळातून मूठभर काढून बोर्डिंगच्या चुलीवर शिजवायचे, पडवीत पत्रावळ मांडायची आणि समोर बसून राहायचं. मीठ नाही, वरण नाही. "जेवा शेट. तुम्हाला गेला तर मुलांना जाईल."

तळ्याच्या वाटेवर, मिठाच्या जुन्या गोदामात सरकारने हे बोर्डिंग काढलं. सरकारने कौलं दिली, एक घंटा दिली आणि दामले मास्तर दिले. पोरं कुणी देईना. तेव्हा पहिलं महायुद्ध लोक विसरले नव्हते. सरकार पोरं गोळा करून पलटणीत धाडणार, अशी आवई उठली होती. मास्तर गावोगाव पायी हिंडले. "पलटणीत नाही हो, पंगतीत बसवणार आहे," असं दारोदार सांगत. शेवटी डोंगरातली कुणब्यांची आणि किनाऱ्यावरची कोळ्यांची पोरं एका ओळीत जेवायला बसली.

मी खाडीच्या धक्क्यावर हमाली करून वर आलेला तांदळाचा व्यापारी. माझ्या मालाला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. पहिल्या साली गाडी नेली, तर मास्तरांनी तांदूळ शिजवलाही नाही. नुसता हुंगला.

"शेट, याला सुकटाचा वास येतो."

"नाक तपासून घ्या मास्तर. माझा माल सगळा तालुका खातो."

तेवढ्यात माझा शहाणा गाडीवान बोलला, "शेट, कालचं सुकट ह्याच गाडीत व्हतं."

मास्तर शांतपणे म्हणाले, "कोळ्यांची पोरं खूश होतील. बाकीच्यांनी काय करायचं?"

भर बाजारातून भरली गाडी परत न्यावी लागली. ते मला वर्षभर सललं. बोर्डिंगने माझा तांदूळ घेतल्याशिवाय मी त्या माणसाला सोडणार नव्हतो.

पुढच्या साली गाडी दोनदा धुतली, कोरी पोती घेतली आणि गेलो. शिमग्याची सुट्टी होती. पोरं नव्हती, आचारीही गावी गेलेला. मास्तर स्वतःच चूल फुंकत होते. त्या दिवशी त्यांनी दोन पत्रावळी मांडल्या आणि माझ्या शेजारी जेवायला बसले. सावकाश जेवले.

"बरा आहे. पण एकदा शिजवून कळत नाही. उद्या या."

माझं डोकं फिरलं. "गेल्या साली एका वासात कळलं होतं की."

मास्तर पत्रावळ दुमडत राहिले.

"आणि सणासुदीला तुम्ही इथे कसे?" मी तिरसटपणे विचारलं. "घरचे वाट बघत असतील."

"घरचेच गेलेत ना शिमग्याला," मास्तर म्हणाले. "कुणी डोंगरात, कुणी खाडीपलीकडे. पंचमीनंतर येतील."

भांडायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी जाताना घरचं लोणचं नेलं. रोज भात शिजत होता, आणि पसंती-नापसंतीचं नाव दोघांपैकी कुणी काढत नव्हतं.

पोरं परतली त्या दिवशी मास्तर म्हणाले, "शेट, तांदूळ पसंत."

मी मान हलवली. तो पहिल्याच दिवशी चांगला होता, हे माझं म्हणणं मात्र आजही कायम आहे.