नळीचं तोंड पाण्याबाहेर

गजभियेभाऊ आमच्याकडे आले की आधी बसत नाहीत. बूट काढून सरळ बाथरूममध्ये जातात, शॉवरची नळी टबात लोंबत असेल तर उचलून खुंटीला अडकवतात, आणि मग बाहेर येऊन म्हणतात, "हं. आता चहा चालेल, वहिनी."

पाण्यात बुडालेलं नळीचं तोंड त्यांना बघवत नाही. एका आंबेडकर जयंतीला इथे जर्मनीत, आमच्या झिंडेलफिंगेन गावच्या हॉलमध्ये भाषण रंगात आलं असताना हे उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे कुणीतरी नळाला नळी लावून वरणाचं पातेलं भरत ठेवलं होतं. "कोणी बुडवली ही नळी? पाणी उलटं ओढलं गेलं तर अख्खी गल्ली तुमचं वरण पिईन नं!" वक्ते थांबले. भाऊंची मुलगी सुजाता कपाळावर हात मारून म्हणाली, "पापा, बिटे! प्लीज!"

तसे ते चांगले शिकलेले इंजिनियर. नागपूरचे. माझा नवरा शरद आणि ते मोटारींच्या कारखान्यात एकाच खात्यात होते, आणि घरंही समोरासमोर. सुजाता पुढे हांबुर्गला नोकरीला गेली. त्यांची बायको सासूबाईंच्या आजारपणासाठी नागपूरला गेली आणि तिकडेच राहिली. यावर भाऊ कधी बोलत नाहीत. पाण्यावर बोलतात.

शरदने हौसेने बागेत जमिनीखालून तुषार सिंचन करून घेतलं होतं. त्याचं पाणी पिण्याच्याच लाइनीतून येतं. कुठे रस्ता खणला, अग्निशामक दलाने जोरात पाणी ओढलं, की दाब उतरतो आणि बागेतलं मातीचं पाणी मागे फिरून घराघरांच्या नळात येऊ शकतं. ते अडवायला तळघरात एक पितळी झडप असते, आणि दरवर्षी माइस्टर, म्हणजे नळकामाचा नोंदणीकृत कारागीर, येऊन ती तपासतो. झडप नापास झाली तर बागेचं पाणी बंद.

तपासणीच्या आदल्या शनिवारी हे दोघे तळघरात उतरायचे. भाऊ झडपेखाली नागपूरहून आणलेली स्टीलची वाटी ठेवायचे. झडप आतून गळत असेल तर वाटीत थेंब पडतो. दोघे कान देऊन बसायचे. शरद वर ओरडायचा, "अगं, पाणीपोलीस उपाशी आहे, काहीतरी पाठव!"

शरद गेला तो हिवाळ्यात. फुटबॉलचा वर्ल्डकप जर्मनीत व्हायचा होता, त्याच्या आधीचा हिवाळा. भाऊ मात्र दर रविवारी येत राहिले. बाथरूम, मग तळघर, मग वाटी. "कोरडी हाय," एवढंच सांगायचे आणि चहा पिऊन जायचे. माझं बोलणं आधीच कमी, तेव्हा तर अगदीच आटलं होतं. त्या भेटीत फार बोलावं लागत नसे.

एप्रिलात मी म्हणाले, "भाऊ, हे सगळं काढूनच टाकते. मला कुठे जमणार बाग?"

त्यांनी कप खाली ठेवला. "काढून? काऊन? अवो वहिनी, झडप चांगली हाय नं. पास होईन ते."

"आणि नाही झाली तर?"

"तर काढा," ते म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून गेले.

मग मात्र त्यांनी माझ्या तळघरात तळ ठोकला. रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट खाली. वरून मला घासण्याचा आवाज येई. मेमध्ये तपासणीच्या दिवशी सकाळी मी खाली गेले आणि बघतच राहिले. भाऊंनी झडप चिंच लावून घासली होती. लग्नघरातल्या समईसारखी लखलखत होती.

माइस्टर आला, त्याने टॉर्च मारला आणि त्याच्या भुवया चढल्या. ही तर नवीन दिसते. कुणी बदलली? नोंद न करता बसवलेली झडप मी तपासणार नाही, म्हणाला.

भाऊ दोन्ही हात हलवून नाही-नाही करू लागले. "नाइन, नाइन! टामा... टामारिंडे!" म्हणून ते घरी धावले आणि चिंचेचा गोळा घेऊन आले. माइस्टरने वास घेतला, गोळा परत दिला, आणि वाकून झडपेवरचा क्रमांक वाचला. जुन्या कागदांशी तो जुळला. हा पहिल्यांदाच नीट वाचता येतोय, असं पुटपुटत त्याने दाबमापक जोडला. भाऊ वाटीकडे बघत उभे. मीही. ती झडप पास व्हावी असं मला किती वाटत होतं ते तेव्हाच कळलं.

थेंब पडला नाही. माइस्टरने झडपेवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली आणि जाता जाता भाऊंना म्हणाला, "आता वर्षभर इकडे बघायची गरज नाही."

तो गेला. पास झाल्याचा आनंद भाऊंच्या चेहऱ्यावर दिसेना. वाटी रुमालाने पुसत, ती न्यावी की ठेवावी असं करत ते उभे राहिले.

"वर्षभर," ते म्हणाले. "गेनाऊ, बरोबर हाय. म्हणजे मग... पुढच्या मेमध्येच येतो, वहिनी."

वाटी घेऊन ते गेले.

रविवार आला. चहाची वेळ झाली, कुणी आलं नाही. मग मी अंगणात गेले, नळाला नळी लावून बादली काठोकाठ भरली, आणि त्यांच्या खिडकीतून नीट दिसेल अशा बेताने नळीचं तोंड आत बुडवून ठेवलं.

चहाचं आधण ठेवेपर्यंत समोरचं दार धाडकन उघडलं.

"अवो वहिनी! काय करून राहिल्या तुम्ही!"

मी दुसरा कप काढला.